गिअरचा दांडा आणि तरफेचा नियम

'द स्टेट्समन' या वृत्तपत्राने १९६४ साली दिल्लीत जुन्या मोटारींच्या फेरीचा उपक्रम सुरू केला. पितळी दिव्यांच्या, तारांच्या चाकांच्या आणि उघड्या टपाच्या मोटारी राजधानीच्या रस्त्यांवरून डौलाने जाताना पाहण्याची हौस लहानथोरांना सारखीच असते. ज्यांना अशी वाहने निवांतपणे न्याहाळावयाची असतील त्यांच्यासाठी दिल्लीजवळ, हरियाणातील तावडू येथे, २०१३ साली हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम हे वाहनसंग्रहालयही उघडले आहे.

अशा मेळ्यांत ठेंगण्या बांध्याच्या, दोनच माणसे बसू शकतील अशा एमजी किंवा ट्रायम्फ या ब्रिटिश बनावटीच्या स्पोर्ट्स मोटारी दिसल्या, तर चालकाच्या डाव्या हाताकडे लक्ष द्यावे. तो हात वारंवार एका छोट्या दांड्याकडे जातो, दांडा पुढे किंवा मागे सरकवितो आणि परत सुकाणूवर येतो. हाच गिअरचा दांडा. वळणावळणाच्या रस्त्यावर ही क्रिया पुनःपुन्हा करावी लागते. साहजिकच चालकाला वाटते की, दांड्याची हालचाल आणखी थोडी आखूड असती तर किती बरे झाले असते! ही इच्छा पुरविण्यासाठी जो बदली दांडा बसवितात, त्याला कारागीर 'शॉर्ट शिफ्टर' म्हणतात.

हालचाल आखूड होते हे खरे. परंतु ती फुकट होत नाही. तिची किंमत कोण देतो आणि किती देतो, हे शाळेत शिकलेल्या तरफेच्या नियमावरून अचूक सांगता येते. या पाठात आपण तोच हिशेब करणार आहोत.

१. दांडा म्हणजे तरफच

जड दगड हलविण्यासाठी गवंडी पहार वापरतो. पहारेखाली एक लहान दगड ठेवतो, तो टेकू. ज्या टोकावर जोर देतो तिथपासून टेकूपर्यंतचे अंतर म्हणजे बलभुजा, आणि टेकूपासून भारापर्यंतचे अंतर म्हणजे भारभुजा. टेकू मध्ये, बल एका बाजूस आणि भार दुसऱ्या बाजूस असला म्हणजे तिला पहिल्या प्रकारची तरफ म्हणतात. ग्रीक गणिती आर्किमिडीज याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तरफेच्या समतोलाचे नियम सिद्ध केले.

गिअरचा दांडा नेमका असाच असतो. त्याच्या मधोमध नव्हे, तर खालच्या टोकाजवळ एक गोल गाठ असते. ती एका वाटीत बसते व सर्व दिशांना फिरू शकते. हा झाला टेकू. वरची मूठ चालकाच्या हातात असते. खालचे टोक गिअरपेटीतील सळईच्या खाचेत अडकलेले असते. मूठ पुढे ढकलली की खालचे टोक मागे सरकते, सळईला जोडलेला दुबेळका काटा आपल्याबरोबर एक दातेरी बाही सरकवितो, आणि ती बाही हव्या त्या दंतचक्राला जाऊन मिळते.

सर्वच मोटारींत हा दांडा जमिनीतून वर येत नसे. दिल्लीच्या रस्त्यांवर अनेक वर्षे धावलेल्या अँबॅसडर आणि फियाट मोटारींत पूर्वी तो सुकाणूच्या खांबाला जडविलेला असे. हाताची हालचाल तेथून कित्येक सळया व सांधे ओलांडून गिअरपेटीपर्यंत पोहोचे. प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई असे. स्पोर्ट्स मोटारीत दांडा थेट गिअरपेटीवर किंवा तिच्या लांबविलेल्या भागावर उभा असतो, म्हणून तेथे तरफेचे गणित स्वच्छ दिसते.

२. हिशेब करून पाहू

समजा, एका दांड्याची लांबी ३६ सेंटिमीटर आहे. टेकूच्या वरचा भाग ३० आणि खालचा भाग ६ सेंटिमीटर आहे. दोन्ही भुजांचे गुणोत्तर ५ झाले. गिअर पडण्यासाठी खालचे टोक २ सेंटिमीटर सरकावे लागत असेल, तर मूठ १० सेंटिमीटर सरकवावी लागेल. खालच्या टोकाशी १० किलोग्रॅम-भार इतके बल लागत असेल, तर हाताला केवळ २ किलोग्रॅम-भार जोर द्यावा लागेल.

आता दांडा तेवढाच ठेवून टेकू २ सेंटिमीटर वर घेतला. वरचा भाग २८ व खालचा ८ झाला. गुणोत्तर ३.५ वर आले. खालच्या टोकाच्या त्याच २ सेंटिमीटरसाठी मूठ आता ७ सेंटिमीटरच सरकते. परंतु जोर मात्र १० भागिले ३.५, म्हणजे सुमारे २.८६ किलोग्रॅम-भार लागतो.

बल आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे कार्य. पहिल्या खेपेस २ गुणिले १०, म्हणजे २०. दुसऱ्या खेपेस २.८६ गुणिले ७, म्हणजे पुन्हा २०च. गिअरपेटीत झालेले कार्यही १० गुणिले २, म्हणजे २०. घर्षणाचा विचार बाजूला ठेवला तर कार्य घटले नाही, वाढलेही नाही. अंतरात ३० टक्के बचत झाली आणि बलात सुमारे ४३ टक्के भर पडली. हे दोन आकडे सारखे का नाहीत, याचा विद्यार्थ्यांनी स्वतः विचार करावा.

हेच गुणोत्तर दुसऱ्या रीतीनेही साधते. टेकू न हलविता वरचा भाग कापून ३० ऐवजी २१ सेंटिमीटर केला, तरी गुणोत्तर ३.५ होते. मात्र त्यामुळे मूठ ९ सेंटिमीटर खाली जाते व चालकाला वाकावे लागते. शिवाय कापलेला दांडा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. म्हणून टेकू वर घेणारी रचनाच अधिक पसंत केली जाते.

३. एक सोपा प्रयोग

लाकडी फळीवर ३० सेंटिमीटरची पट्टी ठेवा. तिच्या ५ सेंटिमीटरच्या खुणेवर छिद्र पाडून त्यातून खिळा ठोका, म्हणजे पट्टी खिळ्याभोवती फिरेल. आखूड टोक १ सेंटिमीटर सरकवा आणि लांब टोक किती सरकले ते मोजा. ते ५ सेंटिमीटर भरेल. आता आखूड टोकाला रबराचे वेटोळे अडकवून त्याचे दुसरे टोक फळीला पक्के करा, आणि लांब टोक बोटाने ढकलून रबर ताणा. नंतर खिळा १० सेंटिमीटरच्या खुणेवर घेऊन हीच कृती करा. या वेळी आखूड टोक १ सेंटिमीटर सरकण्यास लांब टोक २ सेंटिमीटरच सरकावे लागेल. पण बोटाला जोर कितीतरी अधिक लागेल. जे गणिताने सांगितले तेच बोट सांगेल.

४. पितळी कड्याची अडचण

हाताला थोडा अधिक जोर लागला तर बिघडले कोठे, असे कोणी म्हणेल. अडचण हाताची नाही, गिअरपेटीतील एका नाजूक कड्याची आहे.

समजा, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत आहे आणि चौथा गिअर टाकल्यावर त्याच वेगाला २००० फेरे पुरतात. क्लच दाबला तरी गिअरपेटीतील फिरते भाग आपल्या जडत्वामुळे पूर्वीच्याच वेगाने फिरू पाहतात. त्यांचा वेग एक तृतीयांशाने उतरल्याशिवाय दाते दातांत बसणार नाहीत. ते एकमेकांवर आदळतील आणि कर्कश खरखर ऐकू येईल. जुन्या काळी चालक हे वेग कानाने व पायाने जुळवीत. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारींत सिंक्रोमेश नावाची योजना आली. तीत शंकूच्या आकाराचे एक कडे, बहुधा पितळेचे, दंतचक्राच्या शंकूवर दाबले जाते. घर्षणाने दोघांचे वेग एक होतात आणि मगच बाही पुढे जाते. सर्व गिअरांना ही सोय लगेच मिळाली नाही. १९६२ साली निघालेल्या एमजीबी मोटारीच्या पहिल्या गिअरला ती १९६७ सालापर्यंत नव्हती.

हे घर्षण कड्यावरील दाबावर अवलंबून असते. दांड्याचे गुणोत्तर ५ वरून ३.५ वर आले, तर हाताच्या त्याच जोराने कड्यावरचा दाब ७० टक्केच उरतो आणि वेग जुळण्यास अधिक वेळ लागतो. चालक थांबला तर काही बिघडत नाही. पण आखूड दांडा मनुष्याला घाई करावयास लावतो. तो जोराने हिसका देतो, आणि कडे आधीच झिजलेले असेल तर दात दातांवर आदळतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या मोटारीचे कडे दुकानात मागितले आणि मिळाले, असे होत नाही.

दुसरा धोका आडव्या हालचालीचा. टेकू वर घेतल्याने पुढची-मागची हालचाल जशी घटते तशी डावी-उजवीही घटते. गिअरांच्या खाचा हाताला जवळजवळ लागतात. तिसऱ्यातून चौथ्याकडे जाताना दांडा चुकून दुसऱ्यात गेला, तर चाकेच इंजिनाला भलत्या वेगाने फिरवितात आणि इंजिनाची हानी होते.

५. आधी निदान, मग उपाय

पुष्कळदा दांडा लांब नसतोच; वाटी झिजलेली असते. खालच्या टोकाशी २ मिलिमीटर ढिलाई असेल, तर गुणोत्तर ५ असताना मुठीशी ती १० मिलिमीटर होऊन जाणवते. चालकाला वाटते, हालचाल फार लांब आहे. अशा वेळी वाटीतील अस्तर आणि वरची कमानी नवी घातली की तक्रार मिटते, आणि मोटारीचे मूळ रूपही अबाधित राहते. म्हणून मोटार उभी असताना दांडा गिअरमध्ये ठेवून मूठ हलक्या हाताने पुढेमागे करावी. प्रतिकार न होता ती जितकी हलते तितकी ढिलाई. उरलेली खरी हालचाल. दोन्ही मोजून वहीत लिहून ठेवावे.

६. बसविण्याची रीत

निरनिराळ्या मोटारींत तपशील वेगळे असतात. सर्वसाधारण क्रम असा:

(१) मोटार सपाट जागी उभी करून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, हातब्रेक ओढावा, बॅटरीची तार सोडवावी आणि दांडा मोकळ्या स्थितीत आणावा.

(२) मूठ व रबरी आवरण काढावे. वाटीवरील झाकणाचे बोल्ट सोडवून दांडा सरळ वर उचलावा. कमानी व चकत्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने कागदावर मांडाव्यात.

(३) उघड्या छिद्रावर ताबडतोब स्वच्छ फडके घालावे. आत पडलेला एक लहान नट सगळी गिअरपेटी उघडावयास लावतो.

(४) जुना व नवा दांडा शेजारी ठेवून दोन्हींच्या भुजा मोजाव्यात आणि नवे गुणोत्तर आधीच काढावे.

(५) वाटी उंच करणारे कडे बसवावे. त्याच्या जाडीइतके लांब बोल्ट घ्यावेत. गाठीला ग्रीस लावून नवा दांडा खाली सोडावा. त्याचे टोक सळईच्या खाचेत पूर्वीइतकेच खोल बसले पाहिजे.

(६) इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, प्रत्येक गिअर टाकून पाहावा. दांडा कोठे अडत किंवा घासत असेल तर दोष शोधावा, जोर लावू नये. उलट गिअरची अडसर पूर्ववत चालते याची खात्री करावी.

(७) पहिली चाचणी मोकळ्या जागी, सावकाश घ्यावी.

७. जुना दांडा जपून ठेवावा

केंद्र शासनाने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी मोटारीस ऐतिहासिक वाहन म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. परंतु ती मूळ रूपात राखलेली असली पाहिजे आणि तिच्यात मोठा फेरबदल झालेला असता कामा नये. मेळ्यातील परीक्षकही मूळ रूपालाच मान देतात. म्हणून जो बदल करावयाचा तो पुन्हा उलटविता येईल असाच करावा. कोठे कापू नये, कोठे नवे छिद्र पाडू नये. काढलेला दांडा, वाटी व बोल्ट तेल लावून, चिठ्ठी बांधून, मोटारीबरोबर ठेवावेत.

ज्या अभियंत्यांनी तो दांडा पहिल्यांदा घडविला, त्यांनी हाताचा जोर, कड्याची ताकद आणि हालचालीची लांबी यांचा मेळ घातलेला होता. तो मेळ बदलण्याचा अधिकार मालकाला आहे; पण आपण काय घेतो आणि त्याबद्दल काय देतो, हे मोजल्यावाचून पान्याला हात घालू नये.

स्वाध्याय

१. एका दांड्याची वरची भुजा २४ व खालची ६ सेंटिमीटर आहे. खालचे टोक २ सेंटिमीटर सरकण्यास मूठ किती सरकेल? टेकू २ सेंटिमीटर वर घेतल्यास किती?

२. वरील दांड्याच्या खालच्या टोकाशी ३ मिलिमीटर ढिलाई असेल, तर टेकू हलविण्यापूर्वी ती मुठीशी किती जाणवेल?

३. पहार, कात्री व अडकित्ता यांतील टेकू, बल व भार यांच्या जागा दाखवा. यांपैकी कोणती तरफ गिअरच्या दांड्याच्या प्रकारची नाही?