सोळा कुटुंबांची जाहिरात : सुट्ट्यांचा हंगाम आणि सोशल मीडिया



मागच्या पाठात आपण जाहिरातीची माध्यमं पाहिली. आज त्यातलं सोशल मीडिया घेऊ आणि ते दिवाळी ते एकतीस डिसेंबर या हंगामाला लावून बघू.

आधी एक शब्द साफ करून घेऊ. आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हटलं की मिसळ-भजीची जागाही आली आणि मुक्कामाची जागाही आली. पण गिऱ्हाईक या दोन गोष्टी एकाच वेळी ठरवत नाही. मुक्काम तो महिना-दोन महिने आधी ठरवतो आणि जेवण दोन तास आधी. म्हणजे एकाच मालकाला दोन वेगळ्या प्रकारच्या पोस्ट लागतात. बहुतेकांची गडबड इथेच होते.

समजा, मालवणजवळ तारकर्लीला तुमच्या मामांचा चार खोल्यांचा होमस्टे आहे आणि पुढच्या ओसरीवर वीस माणसांची खानावळ आहे. मामा म्हणतात, “अरे, मोबाइलवर जरा जाहिरात कर की आपली.” तुम्ही काय कराल? समुद्राचा सूर्यास्त, त्यावर गाणं आणि खाली ‘येवा, कोकण आपलोच आसा’. किनाऱ्यावरच्या कितीतरी जणांची पोस्ट हीच असते. सूर्यास्त सगळ्यांचा सारखाच, मग तुमच्याकडे का यायचं?

म्हणून मोबाइल हातात घेण्याआधी वही घ्या. 24 ते 31 डिसेंबर म्हणजे आठ रात्री. चार खोल्या गुणिले आठ म्हणजे बत्तीस. एक कुटुंब साधारण दोन रात्री राहतं असं धरलं, तर तुम्हाला हवीत फक्त सोळा कुटुंबं! दहा हजार लाइक नकोत. उलट, एखादं रील फार चाललं आणि एकतीस तारखेला दुपारी दीडशे माणसं दारात उभी राहिली तर? ओसरी वीस जणांची. दोन पंगती उठेपर्यंत मासे संपणार, मामी चुलीपुढे रडकुंडीला येणार आणि उपाशी परत गेलेला माणूस गाडीत बसल्या बसल्या एक तारा देऊन मोकळा होणार. तो तारा हंगाम संपला तरी तिथेच राहतो.

आता खोल्यांची पोस्ट कधी टाकायची? मुंबईचा पाहुणा गाडीचं तिकीट आधी बघतो, खोली नंतर. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं. 25 डिसेंबरला कुडाळला उतरायचं, तर ते तिकीट 26 ऑक्टोबरच्या आसपास निघतं. म्हणजे नाताळच्या खोल्यांची पोस्ट ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेलीच पाहिजे. वीस डिसेंबरला ‘नाताळ स्पेशल’ टाकून उपयोग नाही. तोवर लोकांचं सगळं ठरलेलं असतं. (तेव्हा टाकायची असेल तर ‘27 तारखेची एक खोली रिकामी झाली आहे’ अशी नेमकी टाका. ती चालते.)

पोस्टमध्ये काय असावं? हे दोन नमुने वाचा.

“निसर्गरम्य वातावरणात घरगुती आपुलकी! आजच बुक करा! रेटसाठी मेसेज करा!”

“तारकर्ली. चार खोल्या, प्रत्येकीत तीन माणसं. समुद्र चालत सात मिनिटं. कुडाळ स्टेशनहून रिक्षा सांगून ठेवतो. एसी दोनच खोल्यांत. 24 ते 31 डिसेंबरचे दर फोटोत लिहिले आहेत, नाश्ता धरून.”

दुसरी दिसायला रुक्ष आहे, पण विचारायचे प्रश्न तिनेच संपवले. ‘एसी दोनच खोल्यांत’ हे वाक्य मामा खोडायला सांगतील. खोडू नका. पाहुणा आल्यावर हे कळलं तर भांडण होतं. आणि दुसऱ्या रिसॉर्टच्या खोलीचा फोटो आपला म्हणून लावणं ही नुसती चलाखी नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात कशाला म्हणायचं ते लिहिलेलं आहे.

खानावळीचं गणित वेगळं. वारं सुटलं, होड्या गेल्या नाहीत, की सुरमईचा भाव चढतो. छापील मेनूकार्डाचा फोटो कायमचा लावला तर रोज वाद. व्हॉट्सॲप स्टेटस आणि इन्स्टाग्राम स्टोरी चोवीस तासांत जाते, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे. रोज बदलतं ते तिथे टाका : आज बाजारात काय मिळालं, थाळी कितीला, किती वाजेपर्यंत. मार्गशीर्षातल्या गुरुवारी शाकाहारी थाळीचा फोटो आदल्या रात्रीच जाऊ द्या. पत्ता, खोल्या, पार्किंग हे बदलत नाही. ते प्रोफाइलवर कायम ठेवा. गुगलवर सणाच्या दिवसांची वेगळी वेळ भरता येते, तीही भरा. भाऊबीजेला तुम्ही बहिणीकडे आणि गुगलवर ‘सुरू आहे’, असं नको. आणि मासे संपले की ‘आजचं जेवण संपलं’ हे स्टेटस लगेच टाका. लाज कसली? उद्या लोक लवकर येतील.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंना आणि पर्यटकांना बुकिंगच्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. भामटे खऱ्या हॉटेलच्या नावाने, त्याचेच फोटो उचलून खोटं पान काढतात आणि आगाऊ पैसे मागतात. पाहुणा बॅगा घेऊन रात्री मामांच्या दारात उभा राहतो आणि मामांच्या वहीत त्याचं नावच नसतं! पैसे त्याचे गेले, नाव मामांचं गेलं. म्हणून पानाच्या सगळ्यात वर एक पोस्ट पिन करा : आमचा नंबर हा एकच, पैसे पाठवताना खात्यावर हे नाव दिसेल, दुसरं दिसलं तर थांबा आणि फोन करा. फसवणूक झालीच तर 1930 वर लगेच कळवायला सांगा.

स्वाध्याय : तुमच्या गावातली एक खरी खानावळ किंवा लॉज निवडा. मालकांना भेटून खोल्या आणि पंगत मोजा. त्यावरून किती पाहुणे हवेत ते काढा आणि पहिली पोस्ट कोणत्या तारखेला जायला हवी ते लिहा. मग पाच ओळींची पोस्ट तयार करून मालकांना वाचून दाखवा. त्यांनी कोणतं वाक्य खोडायला सांगितलं आणि का, ते वहीत लिहून आणा.