लोणारच्या तळाचा गाभा

विहिरीवर बोअर मारताना तुम्ही पाहिले असेलच. भोकाच्या तळाशी हातोडा कातळ फोडतो आणि हवेच्या झोताने भुकटी वर उडते. तेलविहिरीत तीन दातेरी शंकूंचे ‘बिट’ खडक चिरडते. नळ्यांतून सोडलेला पातळ चिखल तो चुरा वर आणतो. पाणी किंवा तेलच हवे असेल तर एवढ्याने भागते. पण भुकटीत खडकाची मूळ मांडणी हरवते. खडकाचीच साक्ष काढायची असेल तर?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर ज्वालामुखीचे की अशनिपाताचे, हा वाद जुना. तो मिटवण्यासाठी विवराच्या तळाला भोके पाडून ‘गाभा’ काढण्यात आला. गाभ्यासाठी बिट पोकळ लागते. त्याच्या कडेवर बहुधा हिऱ्याचे कण बसवलेले असतात. फक्त कडा कापत जाते, मधला दगडी दांडा नळीत अखंड राहतो. (तेलविहिरीतही असा गाभा कधी कधी काढतात, काम वेळखाऊ, म्हणून मोजकाच.)

लोणारला सुमारे १०० मीटर गाळाखाली फुटकातुटका बेसाल्ट लागला. त्यात मॅस्केलिनाइट सापडले. ही फेल्डस्पार खनिजाची काच, पण वितळून नव्हे, प्रचंड धक्क्याने झालेली. असा धक्का ज्वालामुखीला जमत नाही. १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा पुरावा प्रसिद्ध झाला.