जुना कॉम्प्युटर एवढ्यात भंगारात देऊ नकोस

अगं राणी, काल फोनवर तुझा आवाज रडवेला होता, म्हणून आज निवांत सांगते. पळस्पे फाट्यावरचं तुझं डीटीपीचं दुकान, लग्नसराई तोंडावर, आणि नव्या कॉम्प्युटरवर पेजमेकर काही धड चालेना. त्यात तुझी चूक नाही, हे आधी मनात पक्कं धर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबला, म्हणून तू नवा कॉम्प्युटर घेतलास. ते बरोबरच केलंस.

अडचण कुठे आहे ते समजून घे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. १६ बिटचे प्रोग्राम तिच्यावर चालतच नाहीत. ३२ बिटचे बहुतेक चालतात, पण काहींचा इन्स्टॉलरच १६ बिटचा असतो, तिथे गाडी अडते. मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरसोबत मिळालेलं, कॉम्प्युटरला लावायचं ते लॉक (डोंगल) आहे ना, त्यालाही ६४ बिटचा ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर लॉक लावूनही उपयोग नाही.

आधी प्रोग्रामवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि कंपॅटिबिलिटीत विंडोज एक्सपी निवडून बघ. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. नाही झालं, तर व्हर्च्युअलबॉक्स घाल. ते फुकट मिळतं. त्यात जुनी विंडोज वेगळ्या खोलीत ठेवल्यासारखी चालते. फक्त त्या खोलीला इंटरनेट देऊ नकोस, कारण एक्सपीचे सुरक्षा अपडेट २०१४ पासून बंद आहेत.

आता माझ्या मनातलं सांगते. मी एकदा सगळ्या फाइली नव्या मशिनवर घेतल्या, फाँट घ्यायचे राहिले आणि जुनी डिस्क पुसून टाकली. पुढे एक बाई आल्या. त्यांच्या लग्नाची पत्रिका मीच केली होती, आता लेकीची तशीच हवी होती. फाइल उघडली, तर ‘श्रीकृपेकरून’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्या जुन्या फाँटांनी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच जागी बसवलेली असत. फाँट गेला की मराठी गेली. त्या बाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो.

म्हणून तू घाई करू नकोस. जुनं मशीन चालू आहे तोवर फाइली आणि फाँट दोन वेगळ्या डिस्कवर घे. लॉक आणि त्याची सीडी जपून ठेव. मग रोज दहा पत्रिका उघडून त्यांची पीडीएफ काढ. म्हणजे निदान त्या दिसायच्या तशा दिसतील. मजकूर मात्र कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आण आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपास. नावागावांत चूक राहिली तर ती छापली जाते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मधली आहे. तिला युनिकोड कळत नाही, म्हणून नवं काम नव्या प्रोग्रामवरच सुरू कर.

प्रोग्राम बदलत राहतील गं. पण पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांची लग्नं, बारशी, वास्तुशांती तुझ्या त्या फाइलींत आहेत. त्या घरांनी विश्वासाने तुझ्याकडे ठेवलेलं ते सांभाळायचं आहे. रविवारी मी येते. पहिल्या दहा पत्रिका दोघी मिळून काढू.

तुझी,
ताई