वखारीच्या वाटेचे डांबर : मापाचा व खर्चाचा हिशेब

आपण धान्याचे व्यापारी काट्यावर चढविल्यावाचून एकही पोते वखारीत घेत नाही. परंतु ज्या वाटेने ते पोते आत येते, ती वाट मात्र ठेकेदाराच्या शब्दावर ताब्यात घेतो. ह्या गाफीलपणाची किंमत प्रस्तुत लेखकाने स्वतः मोजलेली आहे. म्हणून हा साधा हिशेब सभासद बंधूंपुढे ठेवावासा वाटतो.

फाटकापासून वखारीपर्यंतची आमची वाट ४० मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे. म्हणजे क्षेत्र २०० चौरस मीटर झाले. डांबराचा थर ५ सेंटीमीटर, म्हणजे ०.०५ मीटर, हवा असेल तर २०० ला ०.०५ ने गुणावे. उत्तर १० घनमीटर येते. रोलरने नीट दाबलेल्या मालाचे वजन घनमीटरास सुमारे २.३५ टन भरते. तेव्हा माल लागेल २३.५ टन. सांडलवंड व कडांची तूट म्हणून शेकडा पाच धरल्यास ही मागणी सुमारे २५ टनांची होते.

ह्या मालात निव्वळ डांबर वजनाने शेकडा पाचच्या आसपासच असते. बाकी सारी खडी, कच व भुकटी. म्हणून दर विचारताना तो निव्वळ डांबराचा की तयार गरम मालाचा, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. हिशेबाच्या सोयीसाठी तयार मालाचा दर टनास ७,००० रुपये धरू. २५ टनांचे १,७५,००० रुपये होतात. आपापल्या गावचा दर घालून हाच गुणाकार करावा. वाहतूक, रोलर, मजुरी, खालच्या खडीच्या थराचे काम व कर हे त्या दरात आहेत की निराळे, हेही लेखी घ्यावे.

आता अनुभव. २०१८ सालच्या मे महिन्यात एका ठेकेदाराने चौरस फुटाच्या दराने, ‘दोन इंची थर’ असे सांगून, हे काम केले. दर स्वस्त वाटला. परंतु माल सैल पसरताना जी जाडी असते, ती रोलर फिरल्यावर शेकडा वीस ते पंचवीसने घटते. बोलीतले दोन इंच दाबण्यापूर्वीचे होते, हे मी विचारलेच नव्हते. पावसाळ्यात भरलेल्या ट्रकांखाली थर फुटला, खड्ड्यांत पाणी साचले व ते उंबऱ्यावरून आत शिरले. खालच्या थप्पीतील ज्वारीची पोती भिजली.

त्यानंतर फाटकावरच्या वहीत ठेवलेल्या वजनकाट्याच्या चिठ्ठ्या काढल्या. भरलेल्या गाडीतून रिकाम्या गाडीचे वजन वजा करता दोन खेपांचा माल १७.५ टन निघाला. त्यास २.३५ ने व मग २०० ने भागले, तो जाडी आली जेमतेम पावणेचार सेंटीमीटर. पुरावा माझ्याच वहीत होता. मी तो पैसे देऊन झाल्यावर वाचला.

ह्यावरून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, करारात ‘दाबल्यानंतरची जाडी’ हे शब्द असावेत. दुसरी, प्रत्येक खेपेची काटाचिठ्ठी घ्यावी. पाच सेंटीमीटरच्या थरास चौरस मीटरमागे सुमारे ११७ किलो माल पडलाच पाहिजे. तिसरी, डांबराखालची खडीची बैठक घट्ट असावी आणि वाटेचा उतार वखारीपासून दूर, मीटरमागे दोन ते अडीच सेंटीमीटर, ठेवावा. बैठक पोकळ असेल, तर जाड थरही ट्रकांखाली टिकत नाही.

पुढच्या वर्षी वाट नव्याने केली, तेव्हा मी काट्याजवळ उभा राहिलो. खर्च अधिक आला खरा; परंतु त्या वाटेवरून आत आलेले पोते त्यानंतर भिजलेले नाही. जो काटा आपण धान्याला लावतो, तोच वाटेलाही लावावा, एवढीच नम्र सूचना.