स्नॉर्कल हवी की नको?

बंगळूरला समुद्र नाही. त्यामुळे येथील हौशी मंडळी स्कूबा डायव्हिंगचे पहिले धडे तरणतलावात गिरवतात आणि मग मुर्डेश्वरजवळील नेत्राणी बेट किंवा मालवण-तारकर्ली गाठतात. पाठीवर हवेची टाकी असताना स्नॉर्कल, म्हणजे तोंडात धरावयाची ती वाकडी नळी, कशाला, हा प्रश्न तेथे हमखास निघतो.

हिशेब हवेचा आहे. 12 लिटरच्या टाकीत 200 बार दाबाने सुमारे 2400 लिटर हवा मावते. पृष्ठभागावर पोहताना मिनिटाला 20 लिटर लागतात असे धरले, तर दहा मिनिटांत 200 लिटर खर्ची पडतात. स्नॉर्कलमुळे ही हवा खोल पाण्यासाठी वाचते. शिवाय चेहरा पाण्यात ठेवून खालचा खडक न्याहाळता येतो.

तथापि समुद्र शांत असेल, तर जॅकेटमध्ये हवा भरून उताणे पोहणे अधिक सोयीचे. लाटा उसळत असतील, तर नळीतच पाणी शिरते; तेव्हा टाकीची हवा देणारा रेग्युलेटरच तोंडात हवा. म्हणूनच वर येताना 50 बार शिल्लक राखण्याचा प्रघात आहे. (राखीव निधीचे महत्त्व बँकेच्या वाचकांना काय सांगावे!) पाण्याखाली मात्र मास्कला लटकलेली नळी दोरात अडकू शकते.

प्रवाहाने होडीपासून दूर नेले आणि टाकी रिकामी होत आली, तर हीच नळी आधार ठरते. त्यामुळे घडीची स्नॉर्कल खिशात असणे मला इष्ट वाटते. लांब नळी मात्र घेऊ नये; तीत उच्छ्वासाची हवा साचून तीच पुन्हा छातीत जाते.