मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार आणि कंपवाताची वाटचाल

कंपवात, अर्थात पार्किन्सन विकार, हा उतारवयात आढळणारा मेंदूचा एक प्रमुख ऱ्हासजन्य आजार आहे. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. हातांची थरथर, स्नायूंचा ताठरपणा, मंदावलेल्या हालचाली आणि पुढील टप्प्यात तोल जाणे ही त्याची मुख्य लक्षणे होत. तथापि, सर्व रुग्णांमध्ये हा आजार सारख्या गतीने वाढत नाही. काही रुग्ण औषधांच्या आधारे अनेक वर्षे स्वावलंबी राहतात, तर काहींची चाल व विचारशक्ती लवकर ढासळते. या तफावतीच्या संभाव्य कारणांपैकी एक म्हणजे मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार होय.

मूळ विकाराचे स्वरूप

मध्यमेंदूतील ‘सबस्टान्शिया नायग्रा’ या भागातील पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. कंपवातात या पेशी हळूहळू नष्ट होतात. उरलेल्या पेशींत अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचे पुंजके साचतात. त्यांना ‘लेवी पिंड’ म्हणतात. लेवोडोपा या औषधाचे मेंदूत डोपामिनमध्ये रूपांतर होते व त्यामुळे लक्षणे आटोक्यात येतात. डोपामिनवरील मूलभूत संशोधनासाठी स्वीडनचे आर्विद कार्लसन हे २००० च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले, तरी तो विश्रांतीच्या स्थितीतील एकूण प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के वापरतो. त्याच्या खोलवरच्या भागांना हा पुरवठा अतिशय बारीक धमन्यांमार्फत होतो. वाढते वय, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि धूम्रपान यांमुळे या धमन्यांच्या भिंती जाड व ताठर होतात. परिणामी श्वेतद्रव्याची हानी होते आणि छोटे छोटे भाग मृत होतात. कधी सूक्ष्म रक्तस्रावही होतो. अनेकदा अर्धांगवायूचा झटका न येताच हे घडते व एमआरआय तपासणीतच उघड होते.

दोहोंचा संबंध

श्वेतद्रव्यातील तंतू मेंदूचा पुढचा भाग आणि हालचालींचे नियमन करणारी खोलवरची केंद्रे यांना जोडतात. डोपामिनचा अभाव केंद्राचे काम बिघडवतो, तर रक्तवाहिन्यांचा विकार केंद्राकडे येणारे-जाणारे मार्ग खचवतो. कंपवाताच्या ज्या रुग्णांत श्वेतद्रव्याची हानी अधिक असते, त्यांच्यात चालण्यातील अडचण, तोल जाणे व बौद्धिक क्षमतेतील घट अधिक आढळते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. थरथरीशी मात्र हा संबंध तितका स्पष्ट नाही. लेवोडोपा डोपामिनची उणीव भरून काढते. तुटलेले तंतू जोडत नाही.

येथे दोन भेद ध्यानात घ्यावेत. पहिला, केवळ रक्तवाहिन्यांच्या हानीमुळे उद्भवणारा ‘रक्तवाहिनीजन्य पार्किन्सनसदृश विकार’ वेगळा असतो; त्यात प्रामुख्याने पायांची हालचाल बाधित होते व लेवोडोपाचा उपयोग मर्यादित असतो. दुसरा, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार लेवी पिंडांची प्रक्रियाच वेगवान करतो, की केवळ स्वतःची भर घालतो, हा प्रश्न अद्याप संशोधनाधीन आहे.

प्रतिबंध आणि धोरण

पेशींचा ऱ्हास थांबवणारे औषध आज उपलब्ध नाही. रक्तवाहिन्यांची हानी मात्र काही अंशी टाळता येते. अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीच्या २०१९ मधील निष्कर्षांनुसार रक्तदाबाचे अधिक काटेकोर नियंत्रण केल्यास श्वेतद्रव्यातील दोष कमी प्रमाणात वाढतात. ही चाचणी कंपवाताच्या रुग्णांपुरती नव्हती. शिवाय या रुग्णांमध्ये उभे राहताच रक्तदाब घसरून पडण्याचा धोका असतो. म्हणून औषधांची मात्रा ठरवताना बसून व उभे राहून, अशा दोन्ही स्थितींतील रक्तदाब पाहणे आवश्यक ठरते.

भारतात असंसर्गजन्य रोगांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत ३० वर्षांवरील व्यक्तींच्या रक्तदाब व मधुमेह तपासणीवर भर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत पार्किन्सन विकाराचा समावेश झाला आहे. पहिल्या उपायाने हानी टळू शकते, तर दुसऱ्याने रुग्णाच्या हक्कांना आधार मिळतो. वृद्धांची संख्या वाढत असलेल्या देशात या दोन्हींची सांगड आवश्यक आहे. चाळिशीत नियंत्रणात ठेवलेला रक्तदाब सत्तरीतील पावलांना बळ देऊ शकतो, हेच या विषयाचे सार होय.