पिल्लाचा पहिला हंगाम

चि. अनिकेत,

लॅब्रॅडोरचं आठ आठवड्यांचं पिल्लू तू घरी आणलंस आणि सप्टेंबरअखेरीस मिनेसोटात बदकांचा हंगाम उघडला की त्याला तळ्यावर न्यायचा बेत आहे, हे पत्रातून कळलं. सल्ला मागितला आहेस, तर स्पष्टच लिहिते. या हंगामात त्याच्याकडून शिकारीचं काम घेऊ नकोस. तोवर ते जेमतेम सात महिन्यांचं असेल. अंगाने भरेल, पाण्यात झेपावेल, टाकलेलं आणून देईल आणि तेवढ्यावरून तुला ते तयार झाल्यासारखं वाटेल. पण आणून देणं हा या कुत्र्याच्या शिक्षणातला सर्वांत सोपा भाग आहे. बार झाला, पक्षी डोळ्यांदेखत पाण्यात पडला, तरी धन्याने नाव घेऊन सोडेपर्यंत जागचं हलायचं नाही, हा खरा अवघड भाग. शिकवावं लागतं ते हे, आणि त्यात घाई चालत नाही.

आणणं का शिकवावं लागत नाही, हे या जातीच्या इतिहासातच आहे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांजवळ सेंट जॉन्सची पाणकुत्री असत. गळावरून निसटलेले मासे आणि वाहून चाललेले दोर ती थंडगार पाण्यातून ओढून आणत. माशांचा व्यापार करणाऱ्या जहाजांतून ती इंग्लंडच्या पूल बंदरात उतरली, मॅम्सबरीच्या अर्लांनी ती जोपासली आणि 1880च्या दशकात त्यांच्याकडची काही कुत्री स्कॉटलंडमध्ये बक्लूच्या ड्यूककडे गेली. तिथून पुढे वंश वाढला आणि 1903मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने लॅब्रॅडोरला स्वतंत्र जात मानलं. इतक्या पिढ्या ज्यांना आणायची हौस आणि हळुवार तोंड होतं, त्यांचीच वीण पुढे नेली गेली. ती हौस तुझ्या पिल्लात आहेच. तू ती बिघडवायची नाहीस, एवढंच.

त्यासाठी घरातली बोळकांडी पुरते. सगळी दारं लावून घे आणि जमिनीवर बैस. मोज्याचा बोळा पिल्लाच्या नाकासमोर हलवून चार हातांवर टाक. ते धावेल, उचलेल आणि पळायला दुसरी वाट नसल्यामुळे तुझ्याकडेच येईल. आल्याबरोबर बोळा हिसकावू नकोस. मानेला, छातीला खाजव, तोंडात वस्तू धरून तुझ्याजवळ उभं राहण्यात त्याला सुख वाटू दे. मग हनुवटीखाली हात धरून शांतपणे ‘दे’ म्हण. दोनतीन फेऱ्या झाल्या की, त्याला आणखी हवं असतानाच आवरतं घे. ओढाओढीचा खेळ घरात कुणीच खेळू नये. त्यातून जबडा आवळायची सवय लागते आणि पुढे पक्षी चिरडलेले येतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडताना हिरड्या दुखतात, तेव्हा हा खेळ बंदच ठेव. तोंडात धरणं आणि दुखणं यांची सांगड एकदा बसली की सोडवणं कठीण.

थांबण्याचा धडा जेवणाच्या वाडग्यापासून सुरू कर. पिल्लाला बसव, वाडगा खाली ठेव, उठलं तर वाडगा वर. पहिल्या दिवशी क्षणभर बसलं तरी पुष्कळ झालं. ही जात खाण्यासाठी काहीही करते, त्यालाही कारण आहे. दर चारांपैकी साधारण एका लॅब्रॅडोरमध्ये भुकेवर ताबा ठेवणाऱ्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, असं केंब्रिजच्या संशोधकांनी 2016मध्ये दाखवलं. ही भूक तुझ्या कामाची आहे, फक्त बक्षिसाचे दाणे रोजच्या खाण्यातून वजा कर, नाहीतर वाढत्या सांध्यांवर वजन चढेल. वाडग्यापाशी बसायला लागलं की लांब दोरी बांधून तोच नियम डमीला, म्हणजे सरावासाठी टाकायच्या खोट्या पक्ष्याला, लाव. आणि टाकलेल्या डमींपैकी निम्म्या तू स्वतः चालत जाऊन उचल. पडलेली प्रत्येक वस्तू आपलीच असते असं नाही, हे त्याला याशिवाय कळायचं नाही.

इतकं आवरलं तर त्याचा उत्साह मरेल, असं तुझे शिकारी मित्र सांगतील. उत्साह मरतो तो कंटाळ्याने आणि भीतीने. जे क्वचित मिळतं त्याची ओढ वाढते. रोज वीस वेळा चेंडू फेकलेलं कुत्रं एकविसाव्या वेळी पाठ फिरवतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कुत्र्यांच्या वर्तनाचे अभ्यासक स्कॉट आणि फुलर यांनी 1965च्या ग्रंथात दाखवलं की पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जे अंगवळणी पडतं ते जन्मभर टिकतं. रिचर्ड वोल्टर्ससारख्या शिकारी कुत्र्यांच्या शिक्षकांनी स्कॉट यांच्या संशोधनावरूनच सातव्या आठवड्यापासून शिकवायला लागा असं सांगितलं. मग मी सबुरी का सांगते? कारण तो काळ ओळखीचा आहे. माणसं, मुलं, गाडी, होडी, उंच गवत, बदकाचा वाळलेला पंख, उथळ पाण्याचा काठ, हे सगळं आत्ताच दाखव. पाण्यात मात्र ढकलू नकोस. मिनेसोटाची तळी वसंतात बर्फासारखी असतात. ऊन तापल्यावर, उतरत्या काठाने, आधी तू पाण्यात शीर आणि मग त्याला येऊ दे. ओळख लवकर व्हावी आणि परीक्षा उशिरा, यात मला विसंगती दिसत नाही.

बंदुकीला बुजणारं कुत्रं बहुधा माणसाच्या घाईनेच तसं झालेलं असतं. पहिला बार दूरच्या शेताच्या टोकाला, मदतनिसाच्या हातून, आणि पिल्लू डमीमागे धावत असतानाच व्हावा. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही तर पुढच्या खेपेस थोडं जवळ. कान पाडले, तुझ्या पायाशी आलं, तर त्या दिवशी बंदूक आवरून ठेव आणि पुढच्या वेळी आणखी दूर जा. चांदमारीच्या जागी त्याला सवयीसाठी नेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस.

विजेच्या झटक्याचा पट्टा वापरून हे सगळं महिन्याभरात होईल, असंही तुला सांगतील. जाणत्या हातात तो पट्टा कुत्र्याला आधीच ठाऊक असलेली आज्ञा लांबून पाळायला लावतो, हे मला मान्य आहे. पण आज्ञाच कळली नाही अशा पिल्लाला झटका बसला, तर त्या क्षणी समोर जे असेल, पाणी, पक्षी किंवा तू, त्याचीच भीती बसते. वेल्सने 2010मध्ये असे पट्टे बेकायदा ठरवले, ते उगाच नाही. निदान पहिलं वर्ष तो घरात आणू नकोस.

तुझ्या आईचा आक्षेप याहून मुळातला आहे: शिकारच कशाला? भारतात 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर वाढलेल्या पिढीला तसं वाटणं साहजिक आहे आणि मी तिला चूक म्हणणार नाही. मात्र तू बंदूक हातात घेणारच असशील तर कुत्रं ही तुझी जबाबदारी ठरते. मारलेला वा जायबंदी केलेला पाणपक्षी शोधण्याचा वाजवी प्रयत्न करणं अमेरिकी कायद्याने बंधनकारक आहे. पंख मोडलेलं बदक पाण्याखाली बुडी मारतं, रानभाताच्या ताटांत फक्त चोच वर ठेवून निपचित राहतं. माणसाला ते दिसत नाही, कुत्र्याच्या नाकाला सापडतं. पण जे कुत्रं पहिल्या बाराला लपणातून उडी मारतं, ते दुसरा पक्षी कुठे पडला ते पाहतच नाही. शिवाय ते थेट नळीपुढे येतं, आणि होडीत असलात तर सगळेच पाण्यात.

आणखी एक. पैदास करणाऱ्याकडून आईबापांच्या नितंबसांध्याच्या तपासणीचे कागद घे आणि जोरकस पळापळीनंतर मागचे पाय लुळे पडण्याच्या आनुवंशिक विकाराची चाचणी झाली का ते विचार. त्या विकाराचं जनुक 2008मध्ये तुमच्याच मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधलं.

हंगाम उघडेल तेव्हा पिल्लाला घेऊन जा, पण बंदूक मित्राच्या हाती असू दे आणि तुझ्या हाती दोरी. लपणात बसून त्याला पाहू दे, ऐकू दे. दिवसाच्या शेवटी मेलेलं, गार झालेलं, लहानसं टील बदक कोरड्या जमिनीवर टाकून त्याच्याकडून एकदा आणव. फडफडणारा पक्षी पुढच्या वर्षापर्यंत देऊ नकोस. नख्या लागल्या तर ते एक तर बुजेल, नाहीतर चावायला शिकेल.

तुझी,
आत्या